थॉर्नक्राउन चॅपल: जंगलातलं काचेचं प्रार्थनाघर नीट कसं पाहावं

अमेरिकेच्या आर्कन्सॉ राज्यात, ओझार्कच्या डोंगरांमध्ये, युरेका स्प्रिंग्ज नावाचं छोटं गाव आहे. गावातून हायवे ६२ ने पश्चिमेकडे निघालं की थोड्याच अंतरावर झाडीत थॉर्नक्राउन चॅपल उभं आहे. लांबी ६० फूट, रुंदी २४ फूट, उंची ४८ फूट. म्हणजे जमीन व्यापली आहे ती जेमतेम १,४४० चौरस फूट, आणि उंची मात्र रुंदीच्या दुप्पट. भिंतींच्या जागी काच: ४२५ खिडक्या, सुमारे ६,००० चौरस फूट. एवढ्याशा वास्तूला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सच्या सभासदांनी विसाव्या शतकातल्या सर्वोत्तम वास्तूंच्या यादीत चौथं स्थान दिलं.

इथे येणारे बरेच जण वीस मिनिटांत परततात. आत शिरायचं, वर बघायचं, फोटो काढायचे आणि पुढच्या ठिकाणाकडे निघायचं. माझं आग्रहाचं सांगणं आहे की या वास्तूला निदान दोन तास द्या, आणि जमलं तर दिवसातल्या दोन वेगळ्या वेळी जा. लाकूड, दगड आणि काच हे इथलं अर्धंच सामान आहे. उरलेलं अर्धं काम झाडं आणि ऊन करतात, आणि ती दोन्ही दर तासाला, दर महिन्याला बदलतात. म्हणून सहल आखताना आधी उजेड ठरवा. तारीख, गाडी आणि मुक्काम त्यामागून येऊ द्या.

पायरी १: निघण्याआधी या वास्तूची गोष्ट माहीत करून घ्या

जिम रीड हे निवृत्त शिक्षक. निवृत्तीनंतर राहायला घर बांधावं म्हणून १९७१ मध्ये त्यांनी ही जागा घेतली. पण ओझार्कचा देखावा पाहायला येणारे जाणारे लोक त्यांच्या जागेत थांबू लागले. कुंपण घालण्याऐवजी रीड पतीपत्नींनी लोकांना येऊ दिलं, आणि पुढे रीड यांच्या मनात आलं की या वाटसरूंना घटकाभर शांत बसायला इथे एक चॅपल असावं. बांधकाम अर्ध्यावर असताना पैसे संपले. इलिनॉय राज्यातल्या एका बाईंनी कर्ज दिलं, काम पुढे सरकलं आणि १० जुलै १९८० रोजी चॅपल सगळ्यांसाठी उघडलं.

वास्तुविशारद होते फे जोन्स. जन्म १९२१, आर्कन्सॉतल्याच पाइन ब्लफचा. फेयेटव्हिलच्या आर्कन्सॉ विद्यापीठात ते शिकवत, तिथल्या वास्तुकला शाखेचे ते पहिले डीन, आणि आज ती शाखा त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९४९ मध्ये ह्यूस्टनला वास्तुविशारदांच्या अधिवेशनात फ्रँक लॉइड राइट या नामवंत अमेरिकन वास्तुविशारदांना सुवर्णपदक मिळालं. जोन्स तेव्हा तरुण विद्यार्थी होते, आणि तिथल्या हॉटेलच्या व्हरांड्यात त्यांची राइट यांच्याशी अचानक गाठ पडली. पुढे १९५३ मध्ये ते टॅलिएसिनला, म्हणजे राइट यांच्या घर-कार्यशाळेत, शिकाऊ म्हणून जाऊन राहिले. राइटना मिळालेलं तेच सुवर्णपदक १९९० मध्ये जोन्स यांना मिळालं. न्यूयॉर्क, शिकागोसारख्या महानगरात त्यांनी बस्तान हलवलं नाही. आयुष्यभराचं काम फेयेटव्हिलमध्ये बसूनच केलं.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि तो डोक्यात असल्याशिवाय आत जाऊ नये. जागेवरची झाडं वाचवायची होती. मोठी यंत्रं आणायची तर झाडं तोडून रस्ता करावा लागला असता. म्हणून जोन्स यांनी एक अट घातली: दोन माणसांना जंगलातून उचलून नेता येईल त्यापेक्षा मोठी कुठलीही वस्तू वापरायची नाही. त्यामुळे सगळं लाकूड नेहमीच्या मापाचं आहे, दोन बाय चार, दोन बाय सहा, दोन बाय बारा इंच असं, लाकडाच्या कुठल्याही वखारीत मिळणारं. मोठ्या कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे फळ्यांचे सांगाडे, जागेवरच जमिनीवर जोडल्या आणि मग उभ्या केल्या. म्हणजे आत दिसणारी ती बारीक काड्यांची दाट जाळी नुसत्या सौंदर्यदृष्टीतून आलेली नाही. ती त्या एका अटीतून आली आहे. हे कळलेल्या माणसाला आत गेल्यावर प्रत्येक फळीत ती उचलून आणणारे दोन जण दिसू लागतात.

जोन्स यांच्या डोळ्यासमोर पॅरिसचं सेंत-शापेल हे जुनं चॅपल होतं. ते १२४८ मध्ये पूर्ण झालं. तिथेही भिंती जवळजवळ काचेच्याच, पण वरचा दगडी भार बाहेर ढकलू पाहतो आणि त्याला बाहेरून जाडजूड दगडी टेकू थोपवून धरतात. जोन्स यांनी हे नेमकं उलटं केलं. टेकू आत घेतले, ते हलक्या लाकडाचे केले आणि तिरक्या आडव्या फळ्यांनी दोन्ही बाजू एकमेकींना बांधून ठेवल्या. त्यामुळे बाहेरून काहीही टेकवावं लागत नाही आणि झाडं थेट काचेपर्यंत येऊ शकतात.

पायरी २: उजेड ठरवा

काच दिसते कधी आणि नाहीशी होते कधी, याचा नियम साधा आहे. आतल्यापेक्षा बाहेर जास्त उजेड असेल तर काच असल्यासारखी वाटतच नाही, नजर थेट झाडांवर जाते. बाहेर अंधारू लागलं की तीच काच आरसा होते. खांबांवरचे दिवे, तिरक्या फळ्या, सगळ्यांची प्रतिबिंबं पडतात आणि आतली रचना बाहेर झाडांमध्ये पसरल्यासारखी दिसते. दोन्ही अनुभव एकाच दिवशी मिळवायचे असतील तर तशी तारीख निवडावी लागते.

चॅपल साधारणपणे मार्च ते नोव्हेंबर सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच उघडं असतं. डिसेंबरात वेळ कमी असतो, आणि जानेवारी-फेब्रुवारीत बंद. जूनमध्ये इथे सूर्य रात्री साडेआठच्या सुमारास मावळतो, म्हणजे उन्हाळ्यात अंधारातली काच पाहायला मिळायची नाही. पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि महिन्याच्या मध्यापर्यंत सूर्यास्त पाचच्या आसपास येतो. त्या दिवसांत दुपारी तीनला आत जाऊन बंद होईपर्यंत बसलात तर काच हळूहळू आरसा होताना दिसते. मला विचाराल तर वर्षातली ही सगळ्यात चांगली वेळ. गर्दी ओसरलेली असते, पानं बरीचशी गळलेली असतात आणि सूर्य खाली उतरल्यामुळे ऊन तिरकं होऊन खांबांच्या आतपर्यंत येतं.

पानांचे रंग पाहायचे असतील तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबरची सुरुवात. ओक आणि हिकरीची झाडं पिवळी, तांबूस, विटकरी होतात. मात्र हा इथला सगळ्यात गर्दीचा हंगाम. शनिवार-रविवार टाळाच. मार्चच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत रेडबडची गुलाबी-जांभळी आणि डॉगवूडची पांढरी फुलं येतात, आणि मोठ्या झाडांना पालवी फुटायची असल्यामुळे उजेड भरपूर असतो. नोव्हेंबर जमत नसेल तर एप्रिल गाठा.

उन्हाळ्यात सगळं हिरवं गर्द असतं आणि आतला उजेडही हिरवट होतो. त्या दिवसांत दुपारची वेळ साधा. इथलं घड्याळ आणि सूर्य यांत फरक असल्याने उन्हाळी वेळेनुसार सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, सव्वा एकच्या सुमारास. छपराच्या आढ्यावर काच बसवलेली आहे. माथ्यावरचं ऊन तिथून सरळ खाली उतरतं आणि फरशीवर, बाकांवर फळ्यांच्या सावल्यांची जाळी पडते. ढगाळ दिवशी हे दिसत नाही, पण तेव्हा लाकडाचा करडा रंग आणि झाडांच्या सालीचा रंग एकमेकांत मिसळून जातात. पाऊस आहे म्हणून जाणं रद्द करू नका. विजांचं वादळ किंवा हिवाळ्यात बर्फाळ रस्ता असेल तरच करा.

पायरी ३: वेळा तपासा

हे थोडक्यात. चॅपलमध्ये लग्नं लागतात आणि त्या वेळात पाहुण्यांना आत सोडत नाहीत. शनिवारी ही शक्यता जास्त. कुठल्या दिवशी कधी बंद आहे ते चॅपलच्या संकेतस्थळावर आधी पाहा, आणि लांबून येणार असाल तर आदल्या दिवशी फोनही करा. रविवारी प्रार्थनासभा असते, त्या वेळी पर्यटक म्हणून हिंडायचं नाही. सभेला बसायची इच्छा असेल तर कुठल्याही धर्माच्या माणसाचं स्वागत असतं. चॅपल ख्रिस्ती आहे, पण एका पंथाचं नाही. तिकीट नसतं. सगळा खर्च देणग्यांवर चालतो, तेव्हा खिशात थोडे रोख डॉलर ठेवा आणि पेटीत टाका. एवढी काच, एवढं लाकूड आणि भोवतालचं जंगल सांभाळायला खर्च येतो.

पायरी ४: पोहोचायचं कसं

जवळचा विमानतळ नॉर्थवेस्ट आर्कन्सॉ नॅशनल, बेंटनव्हिलजवळचा. डॅलस, शिकागो, अटलांटासारख्या मोठ्या शहरांतून थेट विमानं येतात. तिथून पुढे गाडी भाड्याने घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. रेल्वे नाही, आणि अ‍ॅपवरची टॅक्सी जाताना मिळाली तरी डोंगरातून परत यायला मिळेल याची खात्री नाही. विमानतळावरून सव्वा ते दीड तास धरून चाला. पूर्व किनाऱ्यावरून येत असाल तर इथलं घड्याळ एक तास मागे आहे, हेही लक्षात असू द्या.

रॉजर्स गावाकडून हायवे ६२ धरलात तर वाटेत पी रिजचं राष्ट्रीय युद्धस्मारक लागतं. १८६२ च्या मार्चमध्ये यादवी युद्धातली एक मोठी लढाई इथे झाली. इतिहासाची आवड असेल तर परतताना थांबा. जाताना थांबलात तर चॅपलसाठी ठरवलेला उजेड हातचा जाईल. त्यानंतर रस्ता वळणावळणाचा होतो. दोन पदरी आहे, चढउतार आहेत, आणि मागच्या गाडीला घाई असली तरी आपण वेग वाढवायचा नाही. डोंगरात मोबाइलचं नेटवर्क मध्येच जातं, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. पश्चिमेकडून येताना चॅपल गावाच्या अलीकडेच लागतं. पाटी बेताची आहे, वेग कमी ठेवला नाही तर हुकते.

संध्याकाळी परतताना रस्त्यावर हरणं येतात, विशेषतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात. एक हरीण रस्ता ओलांडून गेलं की लगेच वेग वाढवू नका, मागून दुसरं येण्याची शक्यता असते. शक्य असेल तर मुक्काम युरेका स्प्रिंग्जमध्येच करा. १८७९ मध्ये झऱ्यांच्या पाण्यासाठी वसलेलं हे गाव डोंगरउतारावर आहे. जुनी लाकडी घरं, अरुंद चढाचे रस्ते, १८८६ चं क्रेसेंट हॉटेल, सगळं पायी पाहण्यासारखं आहे. गावात गाडी लावायला जागा मिळणं कठीण, तेव्हा स्वतःचं पार्किंग असलेलं राहण्याचं ठिकाण निवडा.

पायरी ५: पायवाट, दार आणि बाक

गाडी लावल्यावर घाई करू नका. चॅपल तिथून एकदम दिसत नाही आणि तसं ते मुद्दामच ठेवलेलं आहे. झाडांमधून पायवाट जाते. अंतर थोडंच आहे, पण जमीन उताराची आहे. सोबत वयस्क आईवडील असतील किंवा कुणाला चालायला त्रास असेल तर आधी फोनवर विचारून ठेवा, म्हणजे गाडी कुठपर्यंत आणता येईल ते कळेल. वाटेत एकदा थांबून एखाद्या मोठ्या ओकच्या सालीला हात लावा आणि तिचा रंग नीट पाहा. आत गेल्यावर तो उपयोगी पडणार आहे.

पुढून चॅपल साधं वाटतं. दुपाखी छप्पर, त्रिकोणी माथा, मधोमध दार. दारात बहुतेक वेळा कुणीतरी स्वागताला असतं आणि थोडक्यात माहिती सांगतं. ती ऐका. पादत्राणं काढायची नसतात, टोपी मात्र काढावी.

आत गेल्यावर सगळ्यांची मान पहिल्यांदा वर जाते. जाऊ द्या. मग शेवटच्या बाकावर बसा. सुरुवात मागूनच करायची, कारण तिथून सगळ्या कैच्या एकामागोमाग एक दिसतात. पहिल्या कैचीच्या तिरक्या फळ्या दुसरीच्या फळ्यांवर, त्या तिसरीच्या फळ्यांवर, असं होत होत समोर इतकी दाट जाळी तयार होते की लाकूड कुठे संपतं आणि बाहेरच्या फांद्या कुठे सुरू होतात ते पटकन कळत नाही. लाकडाला हाताने चोळून करडा रंग दिला आहे, भोवतालच्या झाडांच्या सालीशी जुळणारा. वाटेत पाहिलेली साल इथे आठवा.

यानंतर नजर जमिनीकडे आणा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. फरशी रंगीत छटांच्या सपाट दगडांची आहे आणि कडेने दगडाची बुटकी भिंत आहे. या वास्तूत स्थानिक दगडच शंभर टनांहून अधिक वापरला आहे. वर इतकं सगळं हलकं, तरंगतं असूनही आत बसलेल्या माणसाला अधांतरी वाटत नाही ते या दगडांमुळे. पायाखाली जड आणि डोक्यावर हलकं, जंगलातल्या जमिनीसारखंच.

थोड्या वेळाने उठून मधल्या बाकावर बसा आणि तिरक्या फळ्या जिथे एकमेकींना छेदतात त्या सांध्याकडे बघा. हा सांधा मला या सगळ्या वास्तूतला सर्वांत मोलाचा तुकडा वाटतो. एरवी लाकडाचा सांधा म्हटला की सगळ्या फळ्या एका ठिकाणी आणून ठोकतात आणि तिथे गाठ तयार होते. इथे तसं नाही. फळ्या मध्यापाशी येतात आणि थांबतात. मधे पोलादाची शंकरपाळ्याच्या आकाराची पोकळ चौकट आहे. चौकटीच्या बाजूंना फळ्या धरल्या आहेत आणि मधलं शंकरपाळं रिकामं आहे. त्यातून पलीकडचा उजेड दिसतो. म्हणजे जिथे सगळा जोर एकवटतो असं आपल्याला वाटतं, तिथेच आरपार मोकळी जागा! एक सांधा नीट पाहून झाला की पुढचा पाहा, मग त्याच्या पुढचा. ऊन असेल तर शंकरपाळ्यांची कडा चमकते. ढग आला की ती विझते आणि गेला की पुन्हा उजळते. पाच मिनिटं एकाच सांध्याकडे बघत राहिलात तरी वेळ वाया जाणार नाही.

मग पुढच्या बाकापर्यंत जा आणि मागे वळून पाहा. बहुतेकांच्या आठवणीत या चॅपलचं एकच दृश्य राहतं, दारातून वेदीकडचं. उलट्या बाजूने तीच जाळी वेगळी दिसते, कारण उजेड दुसऱ्या बाजूने येतो.

काचांकडे आता, शेवटी, लक्ष द्या. ६,००० चौरस फूट काच ४२५ खिडक्यांत वाटली की एका खिडकीच्या वाट्याला सरासरी १४ चौरस फूट येतात. भली मोठी एकसंध काच नाही, आणि याचं कारण पुन्हा तेच: दोन माणसांनी उचलून आणायची होती. काच साधी, पारदर्शक आहे. रंगीत काचचित्रं नाहीत, कारण चित्राचं काम बाहेरचं झाड करतं. काचेला हात टेकवू नका. बोटांचे ठसे तिरक्या उन्हात लगेच दिसतात.

एवढं झाल्यावर नुसतं बसा. आत जेमतेम शंभरेक माणसं मावतात. बस आली की दहा-पंधरा मिनिटं गजबज होते आणि मग पुन्हा शांतता. बस आली म्हणून उठू नका, ती जाईपर्यंत थांबा.

पायरी ६: फोटो

दारातल्या माणसाला विचारून काढा. फ्लॅश वापरू नका, एकतर इतरांना त्रास आणि दुसरं म्हणजे काचेवर उलटून येतो. प्रार्थना चालू असताना किंवा समोर कुणी डोळे मिटून बसलं असताना कॅमेरा खाली ठेवा.

मोबाइलची सगळ्यात मोठी अडचण आत आणि बाहेरच्या उजेडातल्या फरकाची. पडद्यावर झाडांच्या भागावर बोट दाबून उजेड त्यानुसार ठरवलात तर लाकूड काळं येतं, पण रेषा ठसठशीत येतात. लाकडानुसार ठरवलात तर बाहेरचं जंगल पांढरं पडतं. मी पहिली पद्धत पसंत करतो, कारण जाळीचा खेळ रेषांचा आहे. ढगाळ दिवशी हा प्रश्नच उरत नाही. मोबाइल उभा धरा, आणि बरोबर मधल्या रेषेवर उभे राहा. इथे अर्धा फूट डावी-उजवीकडे झालं तरी सगळ्या कैच्या विस्कटलेल्या दिसतात.

पायरी ७: बाहेरून पाहणं

परवानगी असेल तिथवर चॅपलच्या बाजूने चाला. बाजूने पाहिल्यावर लक्षात येतं की झाडांचे बुंधे आणि चॅपलचे खांब यांच्यातली अंतरं किती सारखी वाटतात, आणि काचेत दुसरंच जंगल कसं दिसतं. वाट सोडून झाडीत शिरू नका. याच झाडांसाठी ती अट घातली होती. शिवाय मे ते सप्टेंबर इथे गोचीड आणि कातडीत खाज सुटवणारे बारीक किडे असतात. पूर्ण विजार, पायमोजे आणि कीटकरोधक फवारा हवाच, आणि मुक्कामावर गेल्यावर अंग, विशेषतः गुडघ्यामागे आणि कमरेभोवती, तपासून पाहा.

याच आवारात प्रार्थनासभेसाठी मोठी इमारतही आहे, तीही जोन्स यांचीच. थोडा वेळ काढून तीही पाहा. एकाच हाताने मोठ्या सभेसाठी काय वेगळं केलं, ते कळतं.

२००० मध्ये चॅपलची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली. एरवी त्यासाठी वास्तू पन्नास वर्षांची असावी लागते, ही तेव्हा वीस वर्षांची होती. तरीही तिच्यावर संकट आलंच. २०१३ मध्ये जवळून उच्चदाबाची वीजवाहिनी नेण्याचा प्रस्ताव आला. काचेच्या वास्तूला भोवतालचं दृश्य हीच भिंत असते, त्यामुळे मनोरे दूर उभे राहिले तरी चॅपलची मोडतोड झाल्यासारखंच होतं. लोकांनी जोरदार विरोध केला आणि २०१४ च्या अखेरीस प्रस्ताव मागे घेण्यात आला. कॅलिफोर्नियातल्या वेफेअरर्स चॅपलचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. फ्रँक लॉइड राइट यांचे चिरंजीव लॉइड राइट यांनी समुद्रकाठच्या टेकडीवर बांधलेलं ते काचेचं चॅपल १९५१ चं. खालची जमीन सरकू लागल्यामुळे २०२४ मध्ये ते बंद करून एकेक भाग सुटा करून उतरवावं लागलं. अशा वास्तू पाहायच्या असतील तर ‘पुढच्या वर्षी’ असं म्हणू नका.

पायरी ८: दुसरा दिवस

दुसरा दिवस असेल तर सकाळी पुन्हा थॉर्नक्राउनला जा, उघडताक्षणी. अर्धा तास पुरे. काल दुपारी पाहिलेली वास्तू वेगळ्या बाजूच्या उजेडात पाहून घ्या आणि मग पश्चिमेला निघा.

तासाभराच्या अंतरावर बेला व्हिस्टा इथे मिल्ड्रेड बी. कूपर मेमोरियल चॅपल आहे. जोन्स आणि त्यांचे भागीदार मॉरिस जेनिंग्स यांनी ते १९८८ मध्ये बांधलं. हेही जंगलात, हेही काचेचं, उंची-रुंदीही जवळपास तेवढीच. पण इथे पोलादाच्या कमानी आहेत, वर टोकदार होत जाणाऱ्या, वळणदार. थॉर्नक्राउनला एकही वळण नाही, सगळं सरळ रेषांत, कारण साधी फळी वळत नाही. दोन्ही लागोपाठ पाहिल्यावर साहित्य बदललं की विचार कसा बदलतो ते समोर दिसतं. क्रम मात्र थॉर्नक्राउन आधी, कूपर नंतर असाच ठेवा. कूपर चॅपल अधिक नाजूक आणि पटकन आवडणारं आहे. ते आधी पाहिलंत तर थॉर्नक्राउनची साधी फळी रुक्ष वाटण्याचा धोका आहे. इथेही लग्नं असतात, वेळ विचारून जा.

तिथून बेंटनव्हिल जवळच आहे. तिथल्या क्रिस्टल ब्रिजेस कलासंग्रहालयाच्या आवारात फ्रँक लॉइड राइट यांनी १९५४ मध्ये आखलेलं बॅकमन-विल्सन घर आहे. मूळचं न्यू जर्सीतलं. तिथे पुराचा त्रास होता म्हणून सुटं करून इथे आणलं आणि २०१५ मध्ये लोकांसाठी खुलं केलं. संग्रहालय आणि हे घर दोन्हींना शुल्क नाही, पण घरासाठी वेळेचं आरक्षण लागतं आणि संग्रहालय मंगळवारी बंद असतं. म्हणून थॉर्नक्राउनचा दिवस ठरवतानाच हा हिशेब करा: सोमवार थॉर्नक्राउनसाठी धरलात तर दुसरा दिवस मंगळवार येतो आणि घर हुकतं. मंगळवारी थॉर्नक्राउन आणि बुधवारी कूपर व बॅकमन-विल्सन असा बेत जमतो. बुधवारच्या दुपारची वेळ मिळवण्यासाठी आरक्षण आधीच करा, आणि बेला व्हिस्टाहून निघताना त्या वेळेच्या निदान तासभर आधी निघा.